अनामत

मी छापखानेवाला. नावं मी उलटीच वाचतो.
लेम्युएल गार्साइडही मला पहिल्यांदा उलटाच भेटला:
नासपतीच्या लाकडाची सात अक्षरं, तळहाताएवढी,
आणि पहिल्याच 'जी'ला बारीक चीर.
"चालेल," तो म्हणाला, "माझ्याही आवाजाला आहे."

बावीस साली उभा राहिला. तेवीसला. चोवीसला.
मी दर खेपेला तारीख तेवढी बदलायचो,
नाव दोऱ्याने बांधून फळीवर तसंच.
कोण सोडतो जुळवलेले खिळे,
माणूस पुन्हा उभा राहणार हे ठाऊक असताना?

एरवी तो विम्याचा माणूस.
क्रॅगशॉच्या दर दाराला त्याची टकटक माहीत:
आठवड्याचा एक पेनी, स्वतःच्या मातीच्या खर्चाला.
निवडणुकीतही बायका सवयीने पेनी घेऊनच दार उघडायच्या.
तो टोपी काढून म्हणायचा, आज पेनी नको.
त्या म्हणायच्या, मग काहीच नाही आमच्याकडे.

सहकारी दुकानाच्या माडीवर सभा. अकरा माणसं,
त्यातली दोन शेगडीसाठी आलेली.
तो खुल्या व्यापारावर बोलायचा,
जिनिव्हात बसलेल्या राष्ट्रांच्या पंचायतीवर बोलायचा,
आणि डॉर्कस, त्याची बायको, मागच्या बाकावर
जुन्या पिवळ्या पडद्याची फुलं शिवत बसायची.
दर निवडणुकीला त्यांची एक खिडकी उघडी पडायची.

"लढाईत कुठं होतास?" कुणीतरी ओरडायचंच.
तो पाण्याचा घोट घ्यायचा.
स्ट्रेचरचा पुढचा दांडा त्याच्या हातात असायचा, तीन वर्षं.
ही ओळ मी पत्रकासाठी दोनदा जुळवली,
दोनदा त्याने प्रूफावर काट मारली,
आणि दुसऱ्यांदा जरा जोरात, कागद फाटला.

चोवीस सालची मोजणी. नगरभवनात गॅसचे दिवे, ओले कोट.
एकूण मतांचा आठवा हिस्सा मिळाला
तर दीडशे पौंड परत, नाहीतर सरकारजमा.
त्याला सहा मतं कमी पडली.
सहा.
पुन्हा मोजली. सहाच.
डॉर्कसने हातमोजे काढले, घडी केली, परत घातले.

त्या सहांतलं एक माझं.

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.
त्याचं नाव मी नऊ हजार वेळा छापलं
आणि पडद्यामागे जाऊन फुली दुसऱ्यापुढे मारली.
कारण मोठं नव्हतं. गिरणीमालकाचा उमेदवार रोख देत होता,
गार्साइडचे अकरा पौंड थकलेले.
माणूस कशाकशासाठी फिरतो! मी अकरा पौंडांसाठी.

त्यांनी हार्मोनियम विकलं, मग मागची परसबाग.
माझं बिल त्याने हप्त्याहप्त्याने फेडलं,
दर शनिवारी, पाकिटात मोजून.
मी घेतलं. प्रत्येक शिलिंग घेतलं.

एकोणतीसला गिरणीतल्या पोरींनाही मत मिळालं,
तेव्हा तो जवळजवळ आलाच होता म्हणतात.
जवळजवळ हा शब्द मी बऱ्याच लोकांसाठी जुळवलाय.
एकतीसला गाव एकवटून भलतीकडेच गेलं.

पस्तीसच्या पावसाळी दुपारी तो दुकानात आला.
उभा राहणार का, मी विचारलं नाही.
"आता सोडून टाका ते खिळे," म्हणाला,
"जागा अडवतात."
दोऱ्याचा व्रण लाकडात उतरला होता.
सहा अक्षरं मी केसमध्ये ज्याच्या त्याच्या खणात टाकली.
'जी' खिशात राहिला. बहुधा विसरून.

मंगळवारी दारावर टकटक.
मी पेनी घेऊनच दार उघडलं.
त्याने टोपी काढली, वही काढली,
गुडघ्यावर पावती लिहिली आणि खाली सही केली.
ती सुलट होती.
मला वाचायला वेळ लागला.